परदेशप्रवासातील नवी हुंडी : चिपचे पतपत्र

परगावी जाताना मोठी रोकड अंगावर बाळगू नये, हा आपल्या व्यापारी वर्गाचा फार जुना नियम आहे. माळव्यातून पुण्यास किंवा उज्जयिनीहून सुरतेस मोठी रक्कम पोचवावयाची झाली, म्हणजे रुपयांच्या थैल्या उंटांवर लादून नेण्यापेक्षा हुंडी लिहून देणे हाच मार्ग आपले पूर्वज शहाणपणाचा मानीत. वाटेत दरोडा पडला तर कागद जाई. पैसा जात नसे. हुंडी गहाळ झाली तर तिची 'पेठ' लिहून देत, पेठही हरवली तर 'परपेठ' देत. असा हा व्यवहार कित्येक पिढ्या पत या एकाच पायावर उभा होता. मुर्शिदाबादच्या ज्या ओसवाल घराण्याला मोगल दरबाराने 'जगत्‌शेठ' हा किताब दिला, त्या घराण्याचे वैभवही मुख्यत्वे सराफी आणि हुंडीच्या व्यवहारातूनच उभे राहिले होते.

आज आपल्या भोपाळच्या व्यापारी कुटुंबांतील मुले-मुली दुबई, सिंगापूर, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका अशा ठिकाणी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी राहू लागली आहेत. त्यांना भेटावयास आईवडील जातात. कोणी यंत्रसामग्री पाहावयास जातो, कोणी केवळ देश पाहण्यासाठी जातो. येथून दिल्ली अथवा मुंबई गाठून पुढील विमान धरणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. परंतु पेढीवर बसून लाखोंचा व्यवहार लीलया करणारे आपलेच बंधू परक्या मुलखात पैसे देण्याची वेळ आली म्हणजे गोंधळतात, आणि हातातील लहानशा कार्डाचा गुण व दोष ठाऊक नसल्यामुळे कधी अडून पडतात, तर कधी फसतात. म्हणून या चिपच्या कार्डाविषयी आपल्याच व्यवहाराच्या भाषेत चार गोष्टी सांगाव्यात, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम नाव पाहू. ज्याला आपण क्रेडिट कार्ड म्हणतो, त्यासाठी मराठीत 'पतपत्र' असा शब्द आहे, आणि तो अगदी यथार्थ आहे. बँकेने आपली पत पाहून ठरविलेल्या मर्यादेपर्यंत आपल्या वतीने पैसे चुकते करण्याचे दिलेले ते वचन होय. डेबिट कार्डात आपलेच खात्यातील पैसे तत्क्षणी वजा होतात. पतपत्रात बँक आधी देते आणि आपण मुदतीत फेडतो. हा भेद परदेशात फार महत्त्वाचा ठरतो, तो पुढे येईलच.

हुंडीचे तीन पहारे

हुंडी सुरक्षित का असे? केवळ कागद जाड होता किंवा अक्षर वळणदार होते म्हणून नव्हे. तिच्यावर तीन पहारे असत. पहिला पहारा रकमेवर : एक हजार रुपये लिहिताना 'निमे पाचशे, त्याचे दुप्पट' असे लिहीत, म्हणजे कोणी एखादे शून्य वाढवू पाहील तर अर्ध्याचा मेळ बसत नसे. दुसरा पहारा माणसावर : शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही आगंतुकाच्या हाती न पडता बाजारात ओळख असलेल्या प्रतिष्ठित 'शहा'मार्फतच मिळत. तिसरा पहारा पेढीवर : हुंडी लिहिणारा आपल्या आडत्याला स्वतंत्र पत्राने कळवीत असे की, अमुक रकमेची हुंडी अमुक दिवशी केली आहे. कागद आणि पत्र जुळले तरच पैसे दिले जात.

चिपच्या कार्डावरही असेच तीन पहारे आहेत. चिप हा पहिला, आपला गुप्त क्रमांक म्हणजे पिन हा दुसरा, आणि बँकेची मंजुरी व तिच्यापाठोपाठ आपल्या मोबाईलवर येणारा संदेश हा तिसरा. हे तिन्ही जागे असतील तर चोरट्याचे काम कठीण होते. यांपैकी एकही झोपला तर उरलेल्या दोघांवर सारा भार पडतो. हे एक सूत्र ध्यानात ठेवले, तर पुढील सर्व सूचना सहज समजतील.

काळ्या पट्टीचे वैगुण्य

कार्डाच्या पाठीवर एक काळी पट्टी असते. ध्वनिफितीप्रमाणे तिच्यावर चुंबकीय खुणांनी कार्डाचा क्रमांक, मुदत इत्यादी मजकूर नोंदलेला असतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत आयबीएम कंपनीत ही युक्ती निघाली आणि जगभर पसरली. तिच्यात एकच वैगुण्य होते, पण ते मोठे होते. पट्टीवरील मजकूर कधी बदलत नाही. आज दुकानात जो मजकूर यंत्राने वाचला, तोच उद्या आणि तोच वर्षाने. त्यामुळे एटीएमच्या तोंडाशी लहानसे वाचकयंत्र दडवून किंवा यंत्राच्या आतील माहिती चोरून तो मजकूर एकदा उतरवून घेतला, की कोऱ्या कार्डावर तो चढवून हुबेहूब दुसरे कार्ड करता येते.

याचा अनुभव आपल्या देशाने ऑक्टोबर २०१६ मध्ये घेतला. एका एटीएम व्यवस्थेत शिरलेल्या घातक संगणक-प्रणालीमुळे सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. ग्राहक भारतात घरी बसलेले, आणि त्यांच्या खात्यातील पैसे चीन व अमेरिकेत काढले जात होते. त्या वेळी राष्ट्रीय भुगतान निगमाने दिलेल्या आकड्यांप्रमाणे १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांची सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांची हानी झाली होती. बँकांना लक्षावधी कार्डे बदलून द्यावी लागली.

चिप काय करते

चिप म्हणजे नुसती सोनेरी टिकली नव्हे. तो एक अतिशय लहान संगणक आहे. त्याच्या पोटात एक गुप्त किल्ली असते. ती बँकेस ठाऊक असते, परंतु कार्डाबाहेर ती कधीच येत नाही. आपण कार्ड यंत्रात घातले, म्हणजे यंत्र चिपला व्यवहाराची रक्कम, चलन, तारीख आणि त्या क्षणापुरता काढलेला एक यादृच्छिक आकडा कळविते. चिप या सर्वांवर आपल्या गुप्त किल्लीने गणित करते आणि एक संकेत काढून देते. बँक आपल्याकडे तेच गणित करून पाहते. उत्तर जुळले तर मंजुरी देते. प्रत्येक व्यवहारागणिक चिपमधील मोजणी एकाने पुढे सरकते. त्यामुळे आजचा संकेत कोणी चोरला तरी उद्या तो निरुपयोगी ठरतो. म्हणजे चिप प्रत्येक खरेदीसाठी जणू नवी हुंडी लिहिते, तिच्यावर नवी खूण करते, आणि ती खूण पुन्हा कधी वापरीत नाही. पट्टी आणि चिप यांतील खरा भेद तो हाच.

या कल्पनेचा पाया घालणाऱ्यांत फ्रान्सचे रोलाँ मोरेनो यांचे नाव प्रामुख्याने घेतात. त्यांनी १९७४ मध्ये आपले एकस्व नोंदविले. फ्रान्सच्या बँकांनी १९९२ पर्यंत आपली कार्डे चिपची केली. पुढे युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तीन संस्थांनी मिळून एक समान नियमावली तयार केली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला ईएमव्ही म्हणतात. एका देशातील कार्ड दुसऱ्या देशातील यंत्राला समजते, ते या समान नियमावलीमुळे. इंग्लंडमध्ये १४ फेब्रुवारी २००६ पासून सहीऐवजी पिन हा सर्वसाधारण नियम झाला. अमेरिका मात्र बरीच मागे राहिली. तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून असा नियम आला की, चिपच्या कार्डाची नक्कल करून फसवणूक झाली आणि दुकानात चिप वाचणारे यंत्र नसले, तर सामान्यतः त्या दुकानदाराच्या बाजूने हानी सोसावी. नुकसान अंगावर येते असे दिसताच यंत्रे झपाट्याने बदलली, हे व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही ३१ डिसेंबर २०१८ ही तारीख घालून केवळ पट्टीची कार्डे बदलून चिप व पिनची कार्डे देण्यास सर्व बँकांना फर्माविले.

कॉसमॉस बँकेचा धडा

तथापि चिप आली म्हणजे सर्व भय संपले, असे समजणे धोक्याचे आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक ही १९०६ साली स्थापन झालेली, महाराष्ट्रातील जुन्या व मोठ्या सहकारी बँकांपैकी एक. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्यावर जो घाला पडला, तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ११ ऑगस्ट रोजी शनिवारी अवघ्या काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे १२,००० व्यवहारांनी ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातही सुमारे २,८०० व्यवहारांनी अडीच कोटी गेले. १३ ऑगस्टला हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये वळविण्यात आले. एकूण हानी ९४ कोटींच्या वर गेली. चोरट्यांनी नकली कार्डे केली होती. परंतु केवळ तेवढ्यावर हे साधले नसते. बँकेच्या व्यवस्थेत शिरून त्यांनी मंजुरी देणारी एक खोटी यंत्रणा उभी केली. एटीएमकडून विचारणा आली की, खऱ्या बँकेपर्यंत ती न पोचता ही खोटी यंत्रणाच 'पैसे द्या' असे उत्तर देत होती. आपल्या भाषेत सांगावयाचे तर पेढीवर तोतया मुनीम बसला होता, आणि तो दिसेल त्या कागदावर 'सकारली' असे लिहीत होता. ग्राहकांच्या खात्यांतील शिल्लक अबाधित असल्याचे बँकेने जाहीर केले. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांस दोषी ठरविले.

यातून घ्यावयाचा बोध असा की, तीन पहाऱ्यांपैकी एकावरच विसंबून चालत नाही. बँकेच्या आतील पहारा बँकेने सांभाळावयाचा. तो आपल्या हाती नाही. परंतु पिन आपल्या हाती आहे, मोबाईलवरील संदेश वाचणे आपल्या हाती आहे, आणि कार्ड परदेशात केव्हा चालावे व केव्हा चालू नये हे ठरविणेही आता आपल्याच हाती आहे. ते कसे, ते आता पाहू.

निघण्यापूर्वी

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये परिपत्रक काढून १६ मार्च २०२० पासून असा नियम केला की, नवे किंवा बदलून दिलेले कार्ड आरंभी केवळ भारतातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांतच चालेल. परदेशातील वापर, इंटरनेटवरील खरेदी आणि स्पर्शाने पैसे देणे या तिन्ही गोष्टी ग्राहकाने स्वतः मोबाईल ॲप, नेटबँकिंग, एटीएम वा दूरध्वनीमार्फत सुरू कराव्यात; त्यांची मर्यादाही त्यानेच घालून घ्यावी. पुष्कळ जण हे न करताच विमानात बसतात आणि परक्या गावी कार्ड नाकारले गेले म्हणजे बँकेला बोल लावतात. दार आपण उघडलेच नाही, तर पाहुणा आत कसा येणार? निघण्यापूर्वी दोन दिवस परदेशवापर सुरू करावा, मर्यादा आपल्या गरजेपुरतीच ठेवावी, आणि घरी परत आल्यावर तो आठवणीने बंद करावा. कॉसमॉससारखा घाला प्रत्येक वेळी यामुळे टळेलच असे नाही; पण सामान्य चोरट्यासाठी दाराला कडी लागते.

दुसरी गोष्ट, कार्डे दोन असावीत, आणि ती निरनिराळ्या बँकांची व शक्य तर निरनिराळ्या जाळ्यांची असावीत. म्हणजे एक व्हिसा असल्यास दुसरे मास्टरकार्ड किंवा रुपे. रुपे कार्ड परदेशात डिस्कव्हर, डायनर्स क्लब यांसारख्या जाळ्यांच्या साहाय्याने चालते. आपले कार्ड त्या प्रकारचे आहे काय, हे बँकेस विचारून घ्यावे. दोन्ही कार्डे एकाच पाकिटात ठेवू नयेत. एक पतीजवळ, एक पत्नीजवळ. आणि पत्नीच्या नावाचे पुरवणी कार्ड घेतले असल्यास उत्तमच. कार्ड हरवल्यावर जो अडून पडतो, तो बहुधा एकाच कार्डावर विसंबलेला असतो.

तिसरी गोष्ट, भारतातील मोबाईल क्रमांक परदेशात चालू राहील अशी रोमिंगची सोय करावी. बँकेचा संदेश व ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. मुलाने तिकडचे सिमकार्ड घेऊन दिले म्हणून आपला क्रमांक काढून ठेवणे म्हणजे तिसऱ्या पहारेकऱ्याला घरी पाठविणे होय.

चौथी गोष्ट कराची. डेबिट कार्ड व आगाऊ भरलेले फॉरेक्स कार्ड यांवरील परदेशखर्च रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत मोजला जातो. या योजनेची मर्यादा दरडोई दर आर्थिक वर्षी २,५०,००० डॉलर आहे, आणि ठराविक रकमेपलीकडे उगमस्थानी कर गोळा केला जातो. ही करमुक्त रक्कम १ एप्रिल २०२५ पासून ७ लाखांवरून १० लाख रुपये झाली. परदेशात असताना पतपत्राने केलेला खर्चही या योजनेत आणण्याचे सरकारने मे २०२३ मध्ये योजिले होते. परंतु २८ जून २०२३ रोजी तो निर्णय पुढे ढकलण्यात आला. हे नियम अंदाजपत्रकागणिक बदलू शकतात. म्हणून मोठा खर्च असल्यास निघण्यापूर्वी आपल्या कर-सल्लागारास विचारणे श्रेयस्कर.

हुंडणावळीचा हिशेब

हुंडीच्या व्यवहारात हुंडणावळ द्यावी लागे. येथेही ती आहे. आपण युरो वा डॉलरमध्ये खरेदी केली, की बँक त्या दिवसाच्या दराने रुपये करते आणि त्यावर आपला परकीय चलन-आकार लावते. पुष्कळशा कार्डांवर हा आकार दोन ते साडेतीन टक्के असतो, आणि त्या आकारावर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. कार्ड घेतानाच हा आकार विचारून घ्यावा. काही कार्डांवर तो बराच कमी असतो.

याहून मोठा सापळा निराळाच आहे. परदेशात दुकानदाराचे यंत्र आपले कार्ड भारतीय आहे हे ओळखते आणि पडद्यावर विचारते, 'युरोत देणार की रुपयांत?' रुपये पाहून आपल्याला आपले माणूस भेटल्यासारखे वाटते, आणि बोट तिकडे वळते. परंतु हा रुपयांचा दर आपली बँक ठरवीत नाही. तो दुकानदाराच्या बाजूची यंत्रणा ठरविते आणि त्यात आपला नफा मिळविते. उदाहरणासाठी सोयीचे आकडे धरू. हॉटेलचे बिल १,००० युरो, आणि दर युरोस १०० रुपये. युरोत पैसे दिल्यास १,००,००० रुपये, त्यावर साडेतीन टक्के आकार ३,५०० रुपये आणि त्या आकारावर कर ६३० रुपये, एकूण १,०४,१३०. रुपयांत दिल्यास समजा यंत्राने १०६ चा दर लावला, तर १,०६,००० रुपये झाले. शिवाय परदेशात रुपयांत केलेल्या व्यवहारावर आपल्याकडील काही बँका एक टक्का निराळा आकार घेतात. तो १,०६० रुपये आणि त्यावरील कर १९० रुपये ८० पैसे. एकूण १,०७,२५० रुपये ८० पैसे. एका बोटाच्या चुकीने ३,१२० रुपये ८० पैशांचा फरक पडला. क्विंटलमागे पाच रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्या आपण लोकांनी हा फरक मुकाट्याने द्यावा, हे शोभत नाही. म्हणून नियम असा : ज्या देशात आपण आहोत, त्याच देशाच्या चलनात पैसे द्यावेत. दुकानदाराने आपल्याला न विचारता रुपये दाबले, तर सही किंवा पिन देण्यापूर्वी तो व्यवहार रद्द करावयास सांगावे. एटीएमवरही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच.

पतपत्राने एटीएममधून रोख काढणे मात्र शक्यतो टाळावे. रोख उचल केल्याचा आकार निराळा पडतो, आणि व्याज बहुधा त्याच दिवसापासून सुरू होते; खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत रोखीस मिळत नाही. या व्याजाचा दर पुष्कळदा महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षास चाळीस टक्क्यांच्या वर जातो. रोख लागणारच असेल तर डेबिट वा फॉरेक्स कार्डाने काढावी. आणि थोडी रोख लागतेच. लहान दुकाने, बाजारातील फळवाले, काही टॅक्सीवाले अजूनही नोटाच मागतात.

यंत्रापुढे उभे राहिल्यावर

चिपचे कार्ड यंत्रात घातल्यावर यंत्र सांगेपर्यंत ते बाहेर ओढू नये. मध्येच काढल्यास गणित अपुरे राहते आणि व्यवहार फसतो. रक्कम आणि चलन स्वतः डोळ्यांनी वाचावे. आपल्या मंडीत पोत्याला परखी लावून आतला दाणा पाहिल्याशिवाय आपण भाव बोलत नाही. येथे पडदा वाचल्याशिवाय पिन दाबू नये. पिन दाबताना दुसऱ्या हाताने आड धरावी. चुकीचा पिन ओळीने तीनदा पडला तर कार्ड बहुधा अडविले जाते. म्हणून आठवत नसेल तर अंदाजाने दाबीत बसू नये.

युरोपात रेल्वेची तिकिटे, मोटारतळाचे भाडे, पेट्रोल हे पुष्कळदा माणूस नसलेल्या यंत्रांतून घ्यावे लागते. तेथे सही घेणारा कोणी नसतो. पिन पाठ नसेल तर गाडी सुटून जाते. अमेरिकेत याच्या उलट अनुभव येतो. तेथे पुष्कळ दुकानांत पिन विचारीतच नाहीत, आणि पेट्रोलपंपावरील यंत्र कार्डधारकाच्या पत्त्याचा तिकडचा पाच अंकी टपाल-क्रमांक मागते, जो आपल्या कार्डास नसतो. अशा वेळी आत जाऊन गल्ल्यावर पैसे द्यावेत. अमेरिकेतील उपाहारगृहात सेवक कार्ड घेऊन आत जातो आणि पावती आणून देतो. तीवर बक्षिसी आणि एकूण रक्कम आपण लिहावयाची असते. बेरीज ठळक अक्षरांत लिहावी, रिकामी जागा ठेवू नये. 'निमे पाचशे' लिहिणाऱ्या पूर्वजांच्या वंशजांना ही खबरदारी नवी नाही.

स्पर्शाने पैसे देण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. कार्ड यंत्राजवळ दोन-चार सेंटिमीटरवर धरले की काम होते. तेथेही चिपच नवा संकेत काढते, त्यामुळे ती पट्टीहून सुरक्षित आहे. भारतात ५,००० रुपयांपर्यंत अशा व्यवहाराला पिन लागत नाही. इतर देशांच्या मर्यादा निराळ्या आहेत. लंडनच्या बस व भुयारी रेल्वेत हेच कार्ड फाटकास लावून प्रवास करता येतो. मात्र प्रत्येक प्रवाशास स्वतंत्र कार्ड लागते. एकाच कार्डावर पतिपत्नी दोघे आत जाऊ शकत नाहीत. आणि रेल्वेत चढताना जे कार्ड लावले, तेच उतरतानाही लावावे. दुसरे लावल्यास भाडे अधिक आकारले जाते.

हॉटेलात उतरताना किंवा मोटार भाड्याने घेताना कार्डावर काही रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवतात. पतपत्र असेल तर केवळ मर्यादेतील तेवढा भाग अडतो. डेबिट कार्ड असेल तर खात्यातील प्रत्यक्ष पैसे अडतात आणि सुटण्यास कित्येक दिवस लागू शकतात. म्हणून अशा ठिकाणी पतपत्रच पुढे करावे. आरंभी जो भेद सांगितला, त्याचे महत्त्व ते हे.

इंटरनेटवरील खरेदीत चिप काहीच करू शकत नाही, कारण तेथे कार्ड यंत्रात जात नाही. जातात ते नुसते आकडे. आपल्याकडे ओटीपीची सवय झाली आहे, परंतु परदेशी संकेतस्थळे पुष्कळदा ओटीपी न मागताच पैसे घेतात. यासाठी कार्डाचे छायाचित्र कोणास पाठवू नये, पाठीवरील तीन अंक कोणास सांगू नयेत, आणि इंटरनेटवरील परदेशी वापर गरजेपुरताच उघडावा.

कार्ड हरवल्यास

हुंडी हरवली की पेढीस तत्काळ कळवीत, पेठ मागाहून. येथेही प्रथम मोबाईल ॲपवरून किंवा दूरध्वनीने कार्ड बंद करावे, मग शोधाशोध करावी. बँकेचा परदेशातून लागणारा दूरध्वनी क्रमांक कार्डाच्या पाठीवर छापलेला असतो. पण कार्डच गेले तर क्रमांकही गेला. म्हणून तो एका कागदावर लिहून निराळ्या ठिकाणी ठेवावा, आणि एक प्रत घरी मुलांजवळ द्यावी.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकास या बाबतीत मोठे संरक्षण दिले. फसवणूक बँकेच्या किंवा ग्राहकाच्या दोषाने न होता व्यवस्थेतील अन्य ठिकाणी झाली असेल, आणि संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले, तर त्याच्यावर काहीच जबाबदारी राहत नाही, असे त्यात ठरविले गेले. चार ते सात दिवस लावल्यास जबाबदारीस मर्यादा, आणि त्याहून उशीर झाल्यास बँकेच्या धोरणावर भिस्त. परंतु पिन वा ओटीपी आपणच दुसऱ्यास सांगितला असेल, तर कळवीपर्यंतची हानी आपलीच. तात्पर्य, विलंब हा येथे सर्वांत महाग पडणारा दोष आहे. रात्री संदेश आला तर सकाळची वाट पाहू नये.

सभासद बंधुभगिनींनो, आपल्या बाजारात माणसाची किंमत त्याच्या गादीवरून ठरत नसे. त्याची हुंडी किती गावांत सकारली जाते, यावरून ठरे. आज आपल्या खिशातील एवढेसे कार्ड पॅरिसच्या दुकानात आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलात सकारले जाते, ही आपल्या पतीची व्याप्ती कमी नव्हे. चिपने त्या पतीची नक्कल करणे अवघड केले आहे. परंतु पडदा वाचणे, पिन झाकणे, स्थानिक चलन निवडणे आणि संदेशाकडे लक्ष ठेवणे ही चार कामे चिप करीत नाही, ती आपणच करावयाची आहेत. पेढीवर जी सावधता आपण रोज बाळगतो, तीच परदेशी बाळगली, तर प्रवास निर्विघ्न होईल आणि घरी आल्यावर हिशेबाची वही उघडताना मन शांत राहील.